मला एक दार दे

दिघीच्या फेरीबोटीवर गाड्या चढवताना माझा मित्र नुसता तळहात वर करतो आणि भरलेला ट्रकसुद्धा जागच्या जागी थांबतो. रविवारी दुपारी आम्ही चौघं माझ्या पडवीत फासे टाकून एक गोष्ट खेळतो; प्रत्येकजण त्यातलं एक पात्र होतो आणि पुढे काय घडणार ते फाशावर ठरतं. किल्ले नि राक्षस मी रचतो, आणि तो कायम तलवारवाला योद्धा असतो. फासा टाकण्याआधी शर्टाला पुसतो. आकडा पडला की ‘चालायचंच’ म्हणतो.

सुरुवातीला सगळे त्याच्या ढालीमागे लपायचे. खेळ पुढे सरकला तशी आमच्यातल्या जादूगार झालेल्या बाईंची ताकद वाढत गेली. आता त्या एका मंत्रात अख्खी फौज जाळतात आणि त्याची पाळी येईपर्यंत मारायला कुणी उरत नाही. मग तो उठून चहाचे कप गोळा करतो. असाच एक दिवस हा यायचा बंद होईल, असं मला वाटायला लागलं.

म्हणून मी त्याला जादूची तलवार देऊ केली. त्यानं तळहात वर केला.

‘जादू न्हाय पायजे. येक अरुंद दार दे. मी हाय तिथं उभा.’

तेव्हापासून प्रत्येक किल्ल्यात मी एक अरुंद दार काढतो. तो दारात राक्षस अडवून धरतो आणि मागे बाईंना मंत्र म्हणायला सवड मिळते.

गेल्या रविवारी बाई सगळ्यांना घेऊन भिंतीतून आरपार जायचा मंत्र शिकल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या, आणि उठून कप गोळा केले.