हंड्यावरचं नाव

एकाच नावाच्या बायकांना एका स्टेजवर बसवून शाली पांघरायच्या, ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याला दुसरा उद्योग नसणार, असं मी आमंत्रण आलं तेव्हाच म्हटलं होतं. कल्याणातलं कुठलंसं मंडळ. कार्यक्रमाचं शीर्षक, 'नाव एक, कर्तृत्व अनेक'. ठाण्यापासून शहाडपर्यंत त्या एका नावाच्या जेवढ्या नामांकित बायका सापडल्या तेवढ्या त्यांनी गोळा केल्या होत्या. उद्या एका रक्तगटाच्या बायकांचा मेळावा भरवतील. त्यातून निदान कुणाला रक्त तरी मिळेल.

आमच्या घरात मात्र आमंत्रण आल्यापासून दिवाळी होती. कारण त्या नामांकितांत माझ्या सासूबाई होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पाठीत ताठ, आणि आमच्या डोंबिवलीत 'हंडावाल्या आजी' म्हणून प्रसिद्ध. माझ्या नवऱ्याने तर ऑफिसात पेढे वाटले. आईला मिळालेल्या नावाबद्दल आईचा सत्कार होतो, आणि मुलगा पेढे वाटतो. मला आलेला राग पेढ्यांचा नव्हता.

ते नाव माझं होतं. जन्माचं, माझ्या बाबांनी ठेवलेलं. घरात हे कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

लग्न जमलं तेव्हा सासू-सुनेचं नाव एकच निघालं म्हणून दोन्हीकडचे हसले होते. माझ्या आईला तर तो शुभशकुन वाटला. लग्नाच्या दिवशी रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली, आणि तो अंगठीने तांदळात माझं नवं नाव लिहायला बसला. नाव बदलणार हे मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. 'एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, हाक मारली की दोघी धावतील,' असं सासूबाईंनी कळवलं होतं. जणू हाकेला त्या कधी धावणार होत्या! नवऱ्याने मला विचारलं होतं, 'तुला कुठलं आवडेल?' मी एक छान, त्या वेळी नवीन वाटणारं नाव सांगितलं. त्याने मान डोलावली. आणि ताटात त्याने लिहिलं ते भलतंच. दोन अक्षरी, जुनाट, शेणाने सारवलेल्या अंगणात शोभावं असं. माझ्या मैत्रिणी फिसकन हसल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "आईने सांगितलं."

त्या ताटातल्या तांदळाचा पुढे भात झाला असेल. माझं नाव कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही.

बाबांनी लग्नात मला पितळेचा हंडा दिला होता. भांड्यांवर नाव घालणारा माणूस तेव्हा दुकानातच बसायचा, टकटक करत. बाबांनी त्याला सांगितलं, आडनाव नको, ते बदलणारच आहे, फक्त मुलीचं नाव घाल, मोठ्या अक्षरात. आडनाव बदलतं हे त्या भल्या माणसाला ठाऊक होतं. नावही बदलेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तर अशी मी सासरी आले, एक नाव अंगावर आणि एक हंड्यावर घेऊन. आणि हंड्यावरचं नाव वाचून आल्यागेल्याला वाटायचं, सासूबाईंचा जुना हंडा दिसतोय.

सासूबाईही कधी 'नाही' म्हणाल्या नाहीत.

माझ्या नव्या नावाच्या बाबतीत मात्र त्या फार काटेकोर. शेजारच्या काकूंनी लाडाने त्याला शेपूट लावून हाक मारली तर त्या तिथल्या तिथे सुधारायच्या, "पूर्ण नाव घ्या हो, चांगलं नाव आहे." स्वतः दिवसातून शंभरदा घ्यायच्या. चहा हवा, चष्मा सापडत नाही, कावळा गॅलरीत बसलाय, काहीही असो, आधी ते नाव, शेवटची वेलांटी चांगली लांब ओढून. मला वाटायचं, ठसवतात माझ्यावर. गाईला डाग देतात तसं. मी दात-ओठ खात 'आले' म्हणायचे.

मग पाण्याचं ते प्रकरण झालं. आमच्या भागात नळ कोरडे पडले, टँकरवाले माजले, आणि बायकांनी रिकामी भांडी घेऊन महापालिकेवर जायचं ठरवलं. सगळ्यांकडे प्लास्टिकच्या कळश्या. सासूबाईंनी माळ्यावरून माझा हंडा उतरवला, चिंचेने लख्ख घासायला मलाच दिला, आणि मोर्चात सगळ्यांच्या पुढे जाऊन पालिकेच्या पायरीवर तो मांडीवर घेऊन बसल्या. उठा म्हटलं तरी उठेनात. वर्तमानपत्रात फोटो आला. मांडीवर हंडा, हंड्यावर ठळक नाव, खाली ओळीत तेच नाव. फोटो काढणाऱ्याला किती सोपं गेलं असेल!

पाणी आलं हे खरं. त्यांनी उन्हात बसून अधिकाऱ्याला खाली यायला लावलं हेही खरं, ते मी नाकारत नाही. पण त्यानंतर त्या जे उठल्या ते थेट व्यासपीठावर. हळदीकुंकू, शाळेची बक्षिसं, सोसायटीची गच्ची, नव्या पिठाच्या गिरणीचं उद्घाटन, सगळीकडे हंडावाल्या आजी, आणि सोबत हंडा. एरवी तो आमच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात बसायचा. मी मोरीत प्लास्टिकच्या बादल्या भरत होते.

तर तो कार्यक्रम. कल्याणच्या एका हॉलमध्ये, एसीचा नुसता आवाज होता. स्टेजवर टेबल, त्यावर माझा हंडा, हंड्याला झेंडूचा हार. मागच्या फ्लेक्सवर ते नाव एवढं मोठं, की पहिल्या रांगेतून पूर्ण दिसतच नव्हतं. मी आणि नवरा पहिल्या रांगेत. माझ्या मांडीवर सासूबाईंची पर्स, शाल, गोळ्यांची डबी आणि चपला बदलायला आणलेल्या सपाता. हे माझं कर्तृत्व.

निवेदक मुलगा गोड होता, तोंडात साखर विरघळत असल्यासारखा. त्याने सुरुवातीलाच विचारलं, "आपल्यातही या सुंदर नावाच्या कुणी भगिनी असतील, तर हात वर करा प्लीज!"

मागे दोन-तीन हात वर गेले. माझाही गेला. मी नेला नाही, गेला. खांद्यापर्यंत आला असेल, एवढ्यात नवऱ्याने मनगट धरून खाली केला.

"अगं, तुझं कुठे ते नाव?" तो हसत म्हणाला. "चुकून वर केलास काय?"

माझ्यासोबत जन्म काढलेला माणूस. त्याच्याकडे पाहून मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी सपाता मांडीवर नीट ठेवल्या.

मग एकेकीला खुर्चीवर बसवून नारळ दिला गेला. माजिवड्याची एक दातांची डॉक्टर, ती बोलली त्यापेक्षा तिने दात जास्त दाखवले. शीळफाट्याकडची एक योगशिक्षिका, तिने या नावातली स्पंदनं कशी चक्रांना भिडतात ते समजावलं. मला एवढ्या वर्षांत एकही भिडलं नव्हतं, पण मग माझ्याकडे नावच कुठे होतं! एक माजी नगरसेविका, तिला स्वतःच्या कामांची यादी संपवायला दोनदा चिठ्ठी द्यावी लागली. खाडीकाठच्या कोळणींची पुढारी तेवढी मला आवडली. निवेदक प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत होता, "हे नाव आपल्याला कुणी दिलं?" डॉक्टरला आजीने दिलं होतं, योगवालीला गुरूंनी, नगरसेविकेला जनतेने म्हणे. कोळीण म्हणाली, "बापानं दिलंय, दुसरा कोन देनार? आटपा लवकर, माजं मावरं तिकडं खराब व्हईल." मी एकटीने जोरात टाळ्या वाजवल्या.

शेवटी सासूबाई. माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"आजी, हे नाव आपल्याला कुणी दिलं?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "सासऱ्यांनी. लग्नात. माझं माहेरचं नाव त्यांना गावठी वाटलं."

"वा वा! म्हणजे सासरचं पहिलं लेणं!" निवेदक म्हणाला, आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. नवरा माझ्याकडे वळून पुटपुटला, "हे मला माहीतच नव्हतं." त्याला काय माहीत असतं?

मी मात्र पेटले. म्हणजे ज्या नावासाठी माझ्या बाबांनी ठेवलेलं नाव पुसलं गेलं, ते यांचं नव्हतंच! उसनं नाव घेऊन बसलेल्या बाईने खऱ्या मालकिणीला दारातून हाकललं, आणि वर माझ्या हंड्यावर मिरवली. ग्रुप फोटोसाठी 'सगळ्या या नावाच्या भगिनी वर या' असं निवेदकाने म्हटलं, तशी मी पर्स, शाल, सपाता नवऱ्याच्या मांडीवर टाकल्या आणि स्टेजवर चढले. निवेदकाने गोंधळून विचारलं, "आपण आजींच्या सूनबाई ना? आपलं नाव...?"

मी सांगितलं. माइकवर. कित्येक वर्षांत ते मी स्वतःच्या तोंडून स्वतःसाठी उच्चारलं नव्हतं, आवाज चिरकला माझा. मग हंड्याचा हार काढून टेबलावर ठेवला, हंडा कमरेवर घेतला आणि फोटोत उभी राहिले. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत फाडून खातील. त्या एवढंच म्हणाल्या, "नीट धर. तोंडाशी चेपलाय तो."

परतताना नवरा रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागे, आणि मधे हंडा. पत्रीपुलावर नेहमीप्रमाणे सगळं अडकून पडलं. हॉर्न, धूर. शेवटी मीच तोंड उघडलं. मला खरं तर भांडायचं होतं, बाहेर पडला तो प्रश्न.

"आई, माहेरी तुम्हाला काय म्हणायचे?"

त्या बाहेर पाहत होत्या.

"तुला म्हणते तेच," त्या म्हणाल्या.

मला एकदम कळलंच नाही. कळलं तेव्हा रिक्षा सुरू झाली होती. ते दोन अक्षरी, सारवलेल्या अंगणातलं, मैत्रिणी फिसकन हसल्या ते. यांच्या सासऱ्यांनी पुसलं ते. यांच्या माहेरचं कुणी कधी आमच्याकडे आलेलं मी पाहिलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, भाऊ नव्हता. ते नाव घेणारं जगात कुणी उरलं नव्हतं. मग घरात सून आली, आणि यांनी ते सुनेवर ठेवलं. दिवसातून शंभरदा ऐकायला मिळावं म्हणून, वेलांटी ओढून ओढून.

इथे माझे डोळे भरून यायला हवे होते, असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही आले. मी आणखीच चिडले. स्वतःचं परत हवं होतं तर घ्यायचं होतं, पायरीवर बसायचं होतं त्यासाठीही हंडा घेऊन! पाण्यासाठी बसता आलं, नावासाठी नाही? माझ्या अंगावर कशाला टाकलं? मला विचारलं का कुणी, की बाई, तू माझं सांभाळशील का? आणि विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलं असतं, याचाही मला राग आला.

"मला सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू हाकेला आली असतीस का?" त्या म्हणाल्या.

मी हंडा मांडीवर ओढून घेतला.

घरी आल्यावर त्या आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. मी हंडा काचेच्या कपाटात ठेवला नाही. स्वयंपाकघरात नेला, हळदीकुंकवाचे डाग धुतले, नळाखाली धरला. माझ्या लग्नातला हंडा, त्यात पाणी भरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. गळत नव्हता.

आतून हाक आली. तेच नाव, तीच लांब वेलांटी. "पाणी आण गं."

मी 'आले' म्हटलं नाही. पुन्हा हाक आली, तरी नाही. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, आई बोलावतेय तुला."

"मला नाही," मी म्हटलं.

हंड्यातून भांडंभर पाणी घेतलं आणि खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आणि मी हाक मारली. आई नाही, सासूबाई नाही, नुसतं ते नाव, दोन अक्षरी, शेवटची वेलांटी त्या ओढायच्या तेवढीच ओढून. बाहेर नवऱ्याच्या हातातला पेपर वाजायचा थांबला.

"ओ," त्या म्हणाल्या. विचार न करता, लगेच, कुठल्याशा अंगणातून धावत निघालेल्या पोरीसारखी ओ.