आमच्या वाडीची हाळी

आमचं गाव एका जागी बसलेलं नाहीच. खाली देऊळ, शाळा, डेअरी. आणि वर डोंगराच्या अंगाला, मूठभर तांदूळ फेकल्यासारख्या पाच वाड्या. आमची सगळ्यात वरची, चार घरांची. मोबाईलला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढा! म्हणून इथे अजून हाळी चालते. खडकावर उभं राहायचं आणि हाक अशी ताणायची, की ओढ्यापलीकडच्या वाडीतला माणूस जेवता जेवता उठला पाहिजे.

आमच्या वाडीची हाळी म्हणजे माझ्या सासूबाई. बाईचा आवाज काय सांगू! मी पुण्याजवळच्या लवळ्याची. माहेरी दारात रिक्षा, मागे कॉलेजचं होस्टेल. कुणाला ओरडून बोलवायची वेळच आली नाही. "हिचा आवाज चुलीपातूर बी पोचत न्हाई," असं सासूबाई येईल त्याला ऐकवायच्या. मला अस्सा राग यायचा!

गेल्या थंडीत त्यांचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा. आणि नेमकी तेव्हाच म्हैस अडली. रेडकाचा एकच पाय बाहेर आलेला, म्हैस कण्हतेय. नवरा हिंजवडीला कामावर. टाकीवर चढले, तर वीज गेलेली आणि रेंजही गायब. गुरांचं जाणणारे काका ओढ्यापलीकडे. सासूबाईंनी माझा दंड धरून मला खडकावर नेलं आणि ओढ्याकडे बोट दाखवलं: घाल हाळी.

"ओ काकाऽऽ! लवकर याऽऽ!"

आधी नुसतीच किंकाळी निघाली. मग लाज गुंडाळून ठेवली आणि पोटातून ओरडले.

काका आले, पण एकटे नाही. पाची वाड्यांची माणसं धावत आली, बायका तर डोळे पुसतच. सासूबाईंशी आखाडापासून अबोला धरलेली पलीकडची म्हातारी अनवाणी अंगणात शिरली, "अगं माझे बाई, माझ्याशी न बोलताच गेलीस गं!" म्हणत. समोर सासूबाई, गरम पाण्याची बादली घेऊन उभ्या!

आमच्या वाडीतून इतक्या वर्षांत दुसरा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. सून ओरडतेय म्हणजे म्हातारी गेली, असंच सगळ्यांनी धरलं.

काकांनी रेडकू सोडवलं. पारडी झाली, म्हैसही वाचली. दोघी म्हाताऱ्या गोठ्याच्या दारात रडत बसल्या. एक तोंडाने शिव्या घालत होती, दुसरी हातवाऱ्यांनी.

दोन-चार दिवसांनी सासूबाईंचा घसा सुटला.

"पोचला गं तुझा आवाज," त्या म्हणाल्या. मी तर हरखूनच गेले. "हितनं फुडं हाळी तूच घालायची. पन मी खरंच गेले, तर तू वरडू नको. दुसऱ्या कुनाला तरी सांग."

"असलं काय बोलता हो!" मी चिडले, पण डोळे भरलेच माझे.

"खरं तेच बोलतीया. तुझ्या हाळीला कोन बी येनार न्हाई. समदी घरात बसून म्हनत्याल, म्हस व्याली आसंल!"