कमोडचे दोन नट

हातोडी नटावर बसली नाही, भांड्यावर बसली. कमोडला वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि पाणी माझ्या कोपराखालून मोरीकडे निघालं. मी फरशीवर एका कुशीवर पडलेली होते. उठता येत नव्हतं. दाराशी खाटेवर नवरा बसला होता. त्याने सगळं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

म्हाताऱ्या नवऱ्याला आमच्या शिरपुरात बुढा म्हणतात. मीही म्हणते. बुढ्याला लकवा झाला तेव्हा घरात कमोड बसवला, कारण त्याला उकिडवं बसता येईना. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. शब्दाची सुरुवात निघायची, शेवट तोंडातच राहायचा. भार सगळा डाव्या अंगावर, त्यामुळे सीट डावीकडून तडकत गेली आणि एका सकाळी तो बसलेला असतानाच मोडली. भिंत आणि कमोडच्या मधल्या फटीत तो अडकून पडला. शेजारणीला हाक मारून दोघींनी ओढून काढला.

त्या दिवसापासून त्याने जेवण कमी केलं. आधी अर्धी भाकर, मग नुसता चहा. कारण मला कळत होतं. जेवलं की जावं लागतं. मी रागावले, तर तोंड भिंतीकडे केलं. सीट बसली नाही तर हा माणूस उपाशी मरणार, हे मला दिसत होतं.

मालेगावला बसने जाऊन मी नवी सीट आणली. दुकानदार म्हणाला, "दोन नट खोला माय, जुनी काढा, नवी ठेवा. लेकराचं काम हाये." मिस्त्रीला निरोप धाडला, तो उद्या येतो म्हणाला. त्याचा उद्या मला माहीत होता. मीच कामाला बसले.

बुढा सगळी उमर इंजिनं आणि मोटारी दुरुस्त करत होता. त्याच्या पिशवीतला पाना घेतला. आमचं बोअरचं पाणी खारट, नटांवर पांढरा थर चढलेला, खाली गंज. गोडं तेल सोडलं, चाकूने थर खरवडला. फिरवायचं कसं, ते लग्न झालं तेव्हाच त्याने शिकवलं होतं. मी चार बुकं शिकलेली, मला घड्याळाच्या काट्यांची दिशा सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला होता, "देवळाच्या फेरीसारखं फिरवलं का आवळते, उलटं फिरवलं का सुटते." डबे, नळ, पंप, सगळं मी त्याच हिशेबाने उघडलं.

तसंच उलट्या फेरीने फिरवत होते. हात कमोडच्या खाली, नजर वरून. नट थोडा हलला, मग दगड झाला.

खाटेवरून बुढा म्हणाला, "उल्ट... उल्ट..."

मी पाना टाकला आणि घमेलं घेऊन गेले. तोंडाखाली धरलं, पाठ चोळली. काही निघालं नाही. परत जाऊन बसले. दुसरा नटही तसाच दगड झाला.

"उल्ट."

परत घमेलं. या वेळी त्याने चांगल्या हाताने ते ढकलून दिलं.

"पोटात सकायपासून चहाबिगर काई नाही," मी म्हटलं, "उलटी कायची होऊन राह्यली तुमाले? गप बसा ना. मी काय इथं खेळून राह्यली काय?"

तो गप बसला. मी पाना सोडला आणि हातोडी घेतली. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी खरंच आला. म्हातारा मुसलमान माणूस, मोटारसायकलवर, पिशवी हँडलला अडकवलेली. पाठीवर झोपून त्याने खाली बॅटरी मारली.

"हे कोनं आवळलं?"

"मीनं."

"कायले?"

"खोलाले."

तो तिथेच पडल्या पडल्या हसला. "माय, नट खाली हाये. वरून जे उलटं, ते खालून सीधं होते. तुमी दिवसभर आवळून राह्यल्या. घरात एवढा मोठा कारागीर बसला हाये, त्याले इचारलं काहून नाही?"

"त्याले बोलता येत नाही."

तेवढ्यात खाटेवरून बुढा म्हणाला, "उल्ट."

"हो चाचा," मिस्त्री म्हणाला, "उलटंच." आणि पाना माझ्या उलट फिरवला. बराच जोर लागला, पण दोन्ही नट खाली आले. भांडं फुटलेलंच होतं, ते बदलावं लागणार होतं.

बुढ्याच्या तोंडात तीन-चारच शब्द उरले होते. त्यातला कामाचा एक त्याने मला तीनदा दिला होता, आणि मी त्याच्यासमोर घमेलं धरलं होतं. तो शब्द त्यानेच मला शिकवलेला. मिस्त्रीला तो एका झटक्यात समजला. मी इतकी वर्षं त्याच्यासोबत राहिले, मला समजला नाही.

मिस्त्री गेल्यावर मी खाटेजवळ गेले. म्हटलं, "मले वाटलं उलटी."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर तो माझ्याशी फार कमी बोलला. जीभ आणखी जड झाली होती, का बोलून उपयोग नाही असं त्याला वाटलं, ते मला माहीत नाही. विचारलं तरी त्याला सांगता येणार नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मला कळलंच असतं असं नाही.

नवं भांडं बसलं, सिमेंट वाळायला तीन दिवस गेले. ते तीन दिवस तो चहावर राहिला. मग थोडं जेवू लागला, पण पहिल्यासारखं कधीच नाही.

नव्या सीटवर तो अकरा महिने बसला. आता तिथे मी एकटी बसते.