तीन फुटांचा ओटा

मंडईचा नकाशा मी काढला होता, हे आधीच कबूल करतो. नव्वदच्या दशकात मी सांगलीत एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचं काम करत होतो. विश्रामबागेतल्या रस्त्यावरच्या भाजीवाल्यांना पक्क्या मंडईत बसवायचं, शहर देखणं करायचं, असा मोठा बेत होता. साहेब म्हणाले, "ओटे तीन फूट उंच घ्या. गिऱ्हाइकाला वाकायला नको." मी मुकाट्यानं तीन फूट घेतले. त्याच रस्त्यावर माझी आई वांगी विकत होती. तिच्या भाजीवर मी शिकलो, पण तिला एका शब्दानं विचारावं, हे काही सुचलं नाही. मूर्खपणाच तो, दुसरं काय!

मंडई झाली, फीत कापली गेली. आई नऊवारीचा काष्टा आवळून ओट्यासमोर उभी राहिली. वांग्यांची पाटी वर गेली, पण आईला स्वतःला वर चढता येईना.

"आरं, ह्यो वटा हाय का बुरूज?" ती सगळ्यांसमोर मला म्हणाली. "पानी प्यायला उतरायचं, परत चढायचं. माजं गुडघं काय लोखंडाचं हायत व्हय?"

तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि पुन्हा रस्त्याकडेला जाऊन बसली. बाकीच्या बायका तिच्यामागोमाग गेल्या. मंडईत राहिली ती कुत्री.

दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. "आईला समजवा. ती वर बसली की सगळ्या येतील. नाहीतर उद्या गाडी घेऊन येतो आणि माल उचलतो."

मी रात्रभर बसून काढलेला नवा नकाशा पुढे ठेवला. त्यात ओटे नऊ इंचांचे होते. त्यांनी तो उघडलाही नाही. म्हणाले, "मंजूर नकाशा बदलता येत नाही."

"मग त्या नकाशालाच बसवा भाजी विकायला," मी म्हणालो. माझं डोकंच फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आईशेजारी पोत्यावर जाऊन बसलो. दहाच्या सुमाराला जीप आली, मागं गाडी. साहेब दिसले की उठून उभं राहायचं, ही कचेरीची रीत अंगात मुरलेली. पाय आपोआप हलले. मी ते दाबून धरले.

"उठा," साहेब म्हणाले. "नोकरीचा विचार करा."

"केलाय. चूक माझी आहे, साहेब. ओटे फोडून खाली आणा, आम्ही आपल्या पायांनी येतो. तोवर उठत नाही."

त्यांनी हात केला. गाडीवरच्या माणसांनी पाटी उचलून आत फेकली, तराजूही नेला. चार वांगी रस्त्यावर घरंगळली. आईनं ती वेचली, पदरानं पुसली आणि पोत्यावर ओळीनं मांडली.

"असा उकिडवा काय बसलायस?" ती मला म्हणाली. "मांडी घाल नीट. गिऱ्हाईक यायची येळ झाली."