भट्टी निवेपर्यंत

माझा स्वभाव तापट, आणि काम धरलं ते नेमकं धीराचं. बीडच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएच.डी.साठी लेसरची काच बनवत होते. लेसरचा प्रकाश देणारं निओडिमियम फॉस्फेटच्या काचेत भरपूर मावतं, म्हणून मोठ्या ताकदीच्या लेसरला ती चालते. पण आत ओलावा राहिला की तो प्रकाश गिळून टाकतो. ओलावा हुसकायला आम्ही काचेत ऑक्सिजनच्या जोडीला थोडं फ्लोरिन आणायचो. आमच्याकडची कोरडी हवा त्या कामी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली.

ओतलेली काच दुसऱ्या, कमी तापलेल्या भट्टीत ठेवून सावकाश निवू द्यायची असते. मला कुठला तेवढा दम! तीन वेळा मी दार किलकिलं करून डोकावले आणि तिन्ही वेळा डोळ्यांदेखत काच तडकली. आता निओडिमियम एकाच ओतण्यापुरतं उरलं होतं आणि प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आली होती.

त्या शनिवारी दुपारी चौथी काच भट्टीत गेली आणि तासाभरात वीज गेली. दार बंद राहिलं तर आतली ऊब हळूहळूच उतरते, हे मलाही ठाऊक होतं. पण पाहिल्याशिवाय राहवेना. माझा हात दाराकडे गेला, तसे प्रयोगशाळेचे शिपाई मामा मध्ये उभे राहिले.

"कावून उघडता, मॅडम? च्या पिऊन या, जावा."

चहा पिऊन आले तर खोलीला कुलूप, आणि मामा त्यांच्या गावाच्या, तलवाड्याच्या गाडीत.

फोनवर मी त्यांना नाही नाही ते बोलले. वडिलांच्या वयाचा माणूस, पण सगळं ऐकून घेतलं. "किल्ली चुकून खिशात राहिली बगा. सोमवारी येतोच की." दुसरी किल्ली ऑफिसात, आणि ऑफिस बंद. रविवार मी घरच्यांवर डाफरण्यात घालवला.

सोमवारी मामांनी कुलूप काढलं, मी भट्टी उघडली. काच फिकट जांभळी, अखंड, आरपार दिसणारी. खिडकीपाशी धरली आणि मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. मामांची माफी मागितली. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

प्रबंधात आभाराच्या पानावर पहिलं नाव त्यांचं घातलं, मार्गदर्शकांच्याही आधी. ते पान वाचून दाखवलं तेव्हा मामा अवघडून गेले.

"माझं नाव कावून, मॅडम? म्या काय केलं? मी तर गावाला गेलतो."