आईच्या खोलीचं लाइन क्लिअर

कॅमेरा भावाने पाठवला, बसवून घेतला मी, आणि सांभाळायचं काम आलं बाबांकडे. आईला कुणी विचारलं नाही. विचारून ती काय सांगणार होती? अर्धांगवायूने तिची वाचा गेली होती आणि उजवी बाजू गेली होती. डावा हात तेवढा तिच्या मर्जीतला उरला होता.

भाऊ परदेशात असतो आणि त्याला रोज आई बघायची होती. मी बडोद्यातच, आईबाबांबरोबर राहते, पण दिवसभर नंदेसरीला. तिथे रंगाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ठिणगीच्या भीतीने फोन गेटवरच्या खणात ठेवून आत जावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत गेटवर यायचं, फोनमध्ये आई नीट दिसतेय ना ते बघायचं आणि मग डबा उघडायचा, असा माझा नेम होता. मान फिरवणारा, मुठीएवढा पांढरा कॅमेरा. त्याचं तोंड मी मुद्दाम उशीकडे करून ठेवलं होतं. आईचा चेहरा दिसला की पुरे.

कारण आई कशी, ते आम्हाला माहीत होतं. दारात दूधवाला आला तरी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतल्याशिवाय ती कडी काढायची नाही. आजारपणातही डॉक्टर खोलीत शिरले की डाव्या हाताने चादर गळ्यापर्यंत. अंग पुसायला बाई लावून पाहिली, तर आईने तिला त्याच हाताने ढकलून दिलं. शेवटी ते काम बाबांनी घेतलं. बडोद्याच्या उकाड्यात रोज दुपारी कोमट पाण्याची बादली, टॉवेल आणि बाबा. त्यांच्यापुढे ती डोळे मिटून शांत पडायची. संसारात कधी एकमेकांचा हात धरून चाललेली माणसं नव्हेत ही, पण त्या टॉवेलात काय ते सगळं होतं.

बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. करजणच्या बाजूची लहान लहान स्टेशनं त्यांनी सांभाळली. शेजारच्या स्टेशनाने घंटी देऊन विचारायचं, गाडी सोडू का? यांनी आपल्याकडची लाइन मोकळी आहे हे बघायचं आणि हो म्हणायचं. त्या होकाराला म्हणायचं लाइन क्लिअर. ते मिळेपर्यंत गाडी हलत नाही. माझ्यामुळे एक गाडी कधी उगीच स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला उभी राहिली नाही, ही बाबांची जन्माची फुशारकी. आल्यागेल्याला चहाबरोबर ती ऐकावीच लागायची.

स्मार्टफोन हातात आल्यावर त्यात उगवणाऱ्या प्रत्येक चौकटीला त्यांनी हाच कायदा लावला. अमुक अॅप तुमचे फोटो पाहू इच्छिते, परवानगी द्यायची? द्या. तुमचं ठिकाण? घ्या. मायक्रोफोन? त्याने तरी काय घोडं मारलंय! मी रागावले की म्हणायचे, "अगं, समोरचा विचारतोय, म्हणजे त्याची गाडी खोळंबली आहे ने? जवाब तर द्यावा लागेल." मी हसून सोडून द्यायचे. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढता विचारायचे, "आज किती जणांना लाइन क्लिअर दिलंत, बाबा?" तेही हसायचे.

त्या दिवशी दुपारी मी नेहमीपेक्षा उशिरा गेटवर आले आणि फोन उघडला. चित्र भलतंच होतं. उशी नव्हती, चेहरा नव्हता, सगळा पलंग दिसत होता. बाबा पाठमोरे, हातात टॉवेल. आई उघडी. आणि मी बोटही लावलं नव्हतं, तरी चित्र हळूहळू सरकत होतं. तो कॅमेरा माझ्या डोळ्यांदेखत मान वळवत होता.

मग एका पुरुषाचा आवाज आला, "आंटी, इधर देखो ना." मागे आणखी कुणीतरी हसलं.

आईचा डावा हात चादर ओढायला धडपडत होता. बाबा ती चादर परत खाली घेत होते. त्यांना कानाने कमी येतं, म्हणून ते मोठ्याने बोलत होते, "अगं, असं काय करतेस? आपला नातूच आहे." आणि मान न वळवता कॅमेऱ्याला म्हणाले, "बेटा, जरा थांब हं. आजीचं आवरू दे."

मी गेटवर ओरडले, "बाबा, बंद करा ते! वायर काढा, वायर!" माझा आवाज त्याच कॅमेऱ्यातून त्या खोलीत गेला. बाबा दचकले, कुठून आवाज येतोय म्हणून खिडकीकडे बघू लागले. तो परका माणूस हसला. वॉचमन धावत आला, त्याला वाटलं मला काहीतरी चावलं. शेवटी मी शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांनी आत जाऊन प्लग उपटला आणि चित्र गेलं.

रिक्षा करून घरी पोचेपर्यंत मी काय काय बोलले असेन, त्या रिक्षावाल्यालाच ठाऊक. घरी आल्यावर बाबांचा फोन उघडला. कॅमेरा बघण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत मी, बाबा, भाऊ, आणि चौथा एक फोन. त्याला नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. कॅमेरा बसवणाऱ्याने कंपनीकडून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता. तो तसल्या सगळ्या कॅमेऱ्यांना सारखाच असतो, म्हणून कुणीही दारापर्यंत येऊ शकत होता. पण दार आतूनच उघडावं लागतं. त्या फोनने परवानगी मागितली होती आणि बाबांनी ती दिली होती.

"मला वाटलं, नातू असेल," बाबा म्हणाले. भावाचा मुलगा तिकडेच वाढलेला. त्याचं मराठी यथातथाच, त्यामुळे तो बाबांशी मोडक्या हिंदीत बोलतो. "चार-पाच दिवसांपासून रोज दुपारी, तुझी सुट्टी संपल्यावर यायचा. मी म्हटलं, पोराला आजीची किती ओढ."

चार-पाच दिवस! आणि आई रोज चादर ओढत होती. तिला बोलता येत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. नातवाचा आवाज हा नव्हे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार.

माझा तोल गेला. मी म्हणाले, "लाइन मोकळी आहे की नाही हे न बघता कधी कुणाला लाइन क्लिअर दिलं होतंत, बाबा? एकदा तरी?" हे बोलायला नको होतं असं मी म्हणणार नाही. मला ते बोलायचंच होतं. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून बसले. आल्यागेल्याला ती जुनी फुशारकी ऐकवताना मी त्यांना त्यानंतर पाहिलेलं नाही.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा गृहस्थ भला होता. त्याने आधी विचारलं, "बेन, पैसा गया?" नाही म्हटलं. "तो शुं गयुं?" काय गेलं! बडोद्यात जन्म काढला, गुजराती मला मराठीइतकंच येतं, पण त्या क्षणी मला कुठल्याच भाषेत सांगता येईना. मग मीच विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? त्यांनी ते साठवून ठेवलं असेल का? पुढे कुणाला पाठवलं असेल का? तो मान हलवत म्हणाला, "कहेवाय नहीं, बेन." सांगता येत नाही. तो फोन कुठला, ते हसणारे कोण, काहीच सांगता येत नाही. भाऊ तिकडून रोज नवे उपाय कळवतो, पासवर्ड बदला, सगळ्या परवानग्या काढा. काढल्या. घरातल्या प्रत्येक फोनच्या, लॅपटॉपच्या काढल्या. गेलेलं चित्र परत बोलवायची परवानगी मात्र कुठल्याच यादीत सापडली नाही.

आणि आई? आईने त्या दिवसापासून कुणाला अंगाला हात लावू दिला नाही. टॉवेल दिसला की चादर मुठीत. माझीसुद्धा बोटं तिने ओरबाडली. डॉक्टर म्हणाले, असंच पडून राहिली तर पाठीला जखमा होतील. मी तिला समजावलं, रागावले, तिच्या पायाशी बसून रडले. ती भिंतीकडे बघत होती. कॅमेऱ्याच्या खिळ्यांची भोकं बाबांनी टूथपेस्ट भरून बुजवली होती, तिथे.

मग एके दिवशी सकाळी बाबा खुर्ची घेऊन पलंगापाशी बसले. टॉवेल मांडीवर. आईच्या डाव्या हाताला हात न लावता, त्याच्या शेजारी आपला हात ठेवून म्हणाले, "पुसू का? हो असेल तर बोट उचल."

आई हलली नाही.

"बाबा, पाणी गार होतंय," मी म्हणाले.

"लाइन क्लिअर मिळालं नाही अजून," ते म्हणाले आणि बादली घेऊन पुन्हा पाणी तापवायला गेले. असं किती वेळा तापवलं, मी मोजलं नाही. दुपार टळत आली तेव्हा आईने बोट उचललं. बाबा धडपडत उठले, टॉवेल पाण्यात बुडवला. पण आईचं बोट तसंच वर होतं. ते आधी माझ्याकडे वळलं. मग बाबांकडे. मग दाराकडे.

बाबांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी टॉवेल पिळला, माझ्या हातात दिला आणि बाहेर गेले. ज्या एका माणसापुढे ती डोळे मिटून पडायची, तो माणूस दाराबाहेर उभा होता.

तेव्हापासून रोज हेच. रोज ते विचारतात, ती रोज त्यांना दार दाखवते. ते दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभे राहतात, बसत नाहीत. मी पुसते. पाठीला एक लाल डाग दिसायला लागलाय, त्यावर पावडर लावते.

माझी रजा संपली. सोमवारपासून नंदेसरीला जायचं आहे. आज तिचं आवरून झाल्यावर मी तिच्या कानाशी वाकले. "आई, सोमवारपासून बाबांनाच करावं लागेल गं. दुसरं कोण आहे आपल्याला? त्यांना येऊ दे ना."

तिने ऐकलं. डोळे भरून आले तिचे, कडेने ओघळले. हात चादरीवर होता. मी त्या बोटाकडे बघत राहिले. ते हललं नाही.

बाहेरून बाबांनी विचारलं, "मिळालं का?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "थांबा अजून."