दोन पायऱ्यांचं बाक

ऑरेंज माउंडमध्ये कुणाच्या सोफ्याची स्प्रिंग वर आली की तो सोफा मिस डेल्फीनकडे जातो. जुन्या लाकडावर नवं कापड चढवणं हा तिचा धंदा. मेम्फिसच्या या भागात तिने शिवलेल्या एखाद्या तरी गादीवर न टेकलेला माणूस सापडायचा नाही.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र माणसं बसत, पण बोलत नसत. आई, मिस लुबर्था, गेल्यापासून वडील ईझेल आणि धाकटा भाऊ कॉर्नेल एका छपराखाली राहून फक्त गाडी आणि हवा या दोनच विषयांवर बोलायचे. आई गेली तेव्हा कॉर्नेल अटलांटात कामावर होता. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याबद्दल बाप-लेकांनी पुन्हा शब्द काढला नाही. कुणी चौकशी केली की दोघांचं उत्तर एकच, "बरं चाललंय." आमच्याकडे हे वाक्य म्हणजे आतून लावलेली कडी. डॅडी ती कडी तशीच ठेवून एक दिवस निघून जातील, याची मिस डेल्फीनला धास्ती वाटे.

म्हणून चर्चच्या हॉलसाठी 'माणसं मोकळेपणी बोलतील अशा' खुर्च्या हव्यात असं पास्टर म्हणाले, तेव्हा तिने जीव ओतला. जांभळ्या, मऊ, समोरासमोर तोंड केलेल्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. रविवारी प्रार्थनेनंतर लोक कौतुकाने बसले. थोड्याच वेळात जो तो आपली खुर्ची पायाने हळूच तिरकी करू लागला.

"मिस डेल्फीन," म्हातारे ब्रदर होझीया म्हणाले, "खुर्ची झकास आहे. पण असं कुणी समोर बसून डोळ्यांत बघायला लागलं ना, की पोलिसाने गाडी अडवल्यासारखा माझा हात आपोआप लायसन्सकडे जातो."

हॉलभर हशा पिकला. तीही हसली. त्यातली एक जोडी तिने घरी नेऊन डॅडी आणि कॉर्नेलसाठी मांडली. कॉर्नेल टेकला न टेकला तोच उठला. "ताई, नोकरीची मुलाखत आहे का ही?"

त्या शनिवारी मी, तिची शेजारीण, तिच्या ओसरीच्या पायरीवर, तिच्या गुडघ्यांच्या मध्ये बसले होते. ती वरच्या पायरीवर बसून माझ्या वेण्या घालत होती. रस्त्याकडे बघत बोलता बोलता, माझं ठरलेलं लग्न मोडल्याचं मी सांगून टाकलं. माझ्या आईलाही अजून सांगितलं नव्हतं. फणी थांबली.

"काय गं पोरी, हे तू मला त्या जांभळ्या खुर्चीत सांगितलं असतंस?"

"छे!"

"का?"

"तिथे तुम्ही माझ्याकडे बघत राहिला असता."

तिने माझं डोकं धरून पुन्हा सरळ केलं आणि रस्त्याकडे बघत वेणी पुरी केली.

पुढच्या आठवड्यात ओसरीवर एक विचित्र बाक आलं. मागे उंच बैठक, तिच्यापुढे पायरीसारखी बुटकी बैठक, दोन्हींचं तोंड रस्त्याकडे. वरच्या बैठकीची कड गोल, गादी भरलेली. खाली बसणाऱ्याच्या पाठीला टोचू नये म्हणून.

"डॅडींची टाळू किती कोरडी पडलीय बघ," ती कॉर्नेलला म्हणाली. "खांद्यामुळे त्यांचा हात वर जात नाही. केसांचं ग्रीस लावून दे. माझे हात गोंदाने भरलेत."

"मी काय शेंबडं पोर आहे, त्याच्या पायाशी बसायला?" डॅडी गुरगुरले.

"बसा हो. खाजवून खाजवून कोंड्याचा पाऊस पाडताय माझ्या नव्या कापडावर."

डॅडी कुरकुरत बसले. कॉर्नेलने डबी उघडली. भांग पाडला, बोट फिरवलं, पुढचा भांग पाडला. आम्ही दोघी दाराआड स्वयंपाकघरात उभ्या होतो.

"हळू रे," डॅडी म्हणाले. "डोकं आहे ते, गाडीचं बॉनेट नाही."

"हो, डॅडी."

समोरून एक सायकल गेली. मग डॅडी रस्त्यालाच सांगावं तसे म्हणाले, "तुला फोन मी उशिरा केला. ती सावरेल असं वाटत होतं. तू कधीच माफ करणार नाहीस, हे धरूनच चाललो होतो मी."

कॉर्नेलचं बोट थांबलं. "मी? मला वाटायचं, मी वेळेवर आलो नाही म्हणून तुम्ही माझं तोंड बघत नाही."

"तोंड कसं बघणार? तिचंच नाक आहे तुझं."

कॉर्नेल नाक ओढत हसल्याचा आवाज आला.

"थांबलास का?" डॅडी म्हणाले. "कानामागे राहिलंय."

बोट पुन्हा फिरू लागलं. अटलांटाहून येताना वाटेत कुठे गाडी थांबवून आपण रडलो, ते कॉर्नेल सांगू लागला, आणि डॅडी हुंकार भरत ऐकू लागले. मिस डेल्फीनने डोळे पुसले आणि पाल्याच्या भाजीखालचा गॅस अगदी बारीक केला.

"होऊ दे जेवायला उशीर," ती म्हणाली.